दारातली ओडेसा

ओडेसा पेटिग्रू अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशद्वारात रोज सकाळी दोनदा हजर असे. एकदा पुठ्ठ्याची आणि एकदा स्वतः. पुठ्ठ्याची आधीपासूनच उभी असे. डोक्यावर पिवळं हेल्मेट, डोळ्यांवर कामाचा चष्मा, हातात थापी, तोंडभर हसू, आणि पायाशी ठळक अक्षरं: 'तुझी जागा इथेच आहे.' खरी ओडेसा खांद्यावरची पिशवी सावरत तिच्या बाजूने आत जाई. येणारेजाणारे पुठ्ठ्याच्या ओडेसाला हात हलवून 'काय म्हणतेस?' असं विचारत. खऱ्या ओडेसाला कोणी काही विचारत नसे. ते गैर होतं असंही म्हणता येणार नाही. एका माणसाची एका सकाळी एकदाच विचारपूस करायची, एवढा शिष्टाचार मिनेसोटात पाळला जातो.

पुठ्ठ्यावरच्या हसण्याला इतिहास होता. स्थापत्य शाखेचे विद्यार्थी दरवर्षी काँक्रीटची होडी करतात. ती वसंतात तळ्यावर नेतात आणि इतर विद्यापीठांच्या काँक्रीटच्या होड्यांशी तिची शर्यत लावतात. दगडाला पोहायला शिकवण्याच्या या खटाटोपात भाग घ्यावा, एवढ्याच इच्छेने मिसिसिपीहून ओडेसा इतक्या उत्तरेला आली होती. होडीच्या संघात जे असतात ते एकत्र जेवतात, एकत्र भांडतात आणि एकमेकांची आडनावं चुकीची उच्चारतात, हे तिने पहिल्याच वर्षी दुरून पाहिलं होतं. तिसऱ्या वर्षी, सप्टेंबरात, धीर करून ती प्रयोगशाळेत गेली.

"जागा भरल्या गं," संघनायक ग्रँट लिंडक्विस्ट म्हणाला. तो उंच, गोरा आणि स्वभावाने अतिशय चांगला होता. वाईट बातमी देताना त्याच्या भुवया खरोखर दुःखी होत. "मिश्रणाच्या गटात तर पाय ठेवायला जागा नाही. पुढच्या वर्षी बघू, काय?"

ती वळणार एवढ्यात समावेश कार्यालयाचा छायाचित्रकार आत आला. त्याने होडी पाहिली, संघ पाहिला, मग ओडेसा पाहिली आणि त्याचा चेहरा उजळला.

"हिला जरा होडीपाशी घ्या ना!"

ग्रँटने तत्परतेने स्वतःच्या डोक्यावरचं हेल्मेट काढून तिच्या डोक्यावर ठेवलं. "हस की!" तो म्हणाला. तेव्हा ओडेसाला खरंच हसू आलं. ते कशाचं होतं हे कोणी विचारलं नाही. छायाचित्रणात तशी पद्धत नाही.

नोव्हेंबरात ती पुन्हा विचारायला गेली. तेव्हाही जागा भरलेल्याच होत्या. मात्र भिंतीवर तिचं छायाचित्र होतं.

समावेश कार्यालयाचं पूर्ण नाव विविधता, समता, समावेश व आपलेपणा कार्यालय असं होतं. आपलेपणा गेल्या वर्षी वाढवला होता, त्यासाठी वेगळी खोली मिळाली होती. संचालिका मार्लीन स्टॉकवेल मनाने इतक्या मऊ होत्या की 'पुठ्ठा' हा शब्द त्यांना अपमानकारक वाटे. पुठ्ठ्याच्या आकृतीला त्या स्वतः 'आपली ओडेसा' म्हणत आणि कर्मचाऱ्यांनाही तसंच म्हणायला लावत. खऱ्या ओडेसाला त्या संधी देत. दर गुरुवारी एक संधी येई: आपलेपणाचा नाश्ता, मिसळण्याचा मेळावा, 'एकटेपणावर मात' हा परिसंवाद. परिसंवादात ओडेसा आणि चार अधिकारी बसले होते, आणि एकटेपणावर अधिकारी बोलले होते. हे सारं गुरुवारी दुपारी असे, कारण त्या वेळी वर्ग नसत. होडीच्या संघाची बैठकही त्याच वेळी असे, त्याच कारणासाठी. कार्यालयाने कृतज्ञतेपोटी तिला वसतिगृहात एकटीची खोलीही मिळवून दिली होती. जेवण ती ग्रंथालयाच्या तळघरात, सांडपाण्याच्या नळांच्या नियमांच्या जाडजूड संहितांमध्ये बसून करी. तिथे कोणी येत नसे. संहिताही कोणी काढत नसे.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी सकाळी ती प्रवेशद्वारात आली, तेव्हा पुठ्ठ्याची ओडेसा जागेवर नव्हती. फरशीवर तिच्या पायापुरता एक स्वच्छ चौकोन उरला होता. ओडेसा क्षणभर त्या चौकोनाकडे पाहत राहिली. ज्या व्यक्तीचा तिला मनापासून राग होता, तिची उणीव भासावी याचं तिला नवल वाटलं. मग ती तळघरात गेली. मोबाइल थंडीने वाटेतच मान टाकून बसला होता आणि चार्जर खोलीवर होता. ग्रंथालयाच्या संगणकावर मात्र मार्लीनबाईंचा सर्वांना धाडलेला निरोप आला होता: 'आपली ओडेसा कालपासून दिसत नाही. ती आपणा सर्वांची आहे. कोणी नेली असल्यास कृपया प्रेमाने परत आणावी.'

ओडेसाने तो वाचला, डबा उघडला, थंडगार मक्याची भाकरी खाल्ली आणि दुपारपर्यंत पुलांचा अभ्यास केला.

वर आली तेव्हा प्रवेशद्वाराबाहेर बर्फात मोठी गर्दी जमली होती. पोलिसांची गाडी उभी होती. पायरीवर मार्लीनबाई रुमाल भिजवत होत्या आणि शेजारी सार्जंट डूली नावाच्या ठेंगण्या, रोखठोक पोलीस अधिकारी वही काढून उभ्या होत्या.

"काय झालं?" ओडेसाने पुढच्या मुलाला विचारलं. तिने कोटाची टोपी कपाळापर्यंत ओढली होती आणि गळपट्टा नाकापर्यंत गुंडाळला होता; अर्थात त्या थंडीत सगळेच तसे होते.

"ओडेसाला शोधायला निघालोय," तो मागे न वळता म्हणाला.

पुठ्ठ्यासाठी पोलीस बोलावले होते तर! ओडेसाला आश्चर्य वाटलं नाही. या कार्यालयाकडून तिची तेवढी अपेक्षा होतीच.

"शेवटचं कोणी पाहिलं तिला?" सार्जंटबाई विचारत होत्या.

"सगळ्यांनीच," गर्दीतून आवाज आला. "रोज दारातच असते ना."

"कोणाबरोबर?"

"एकटीच."

"मैत्रिणी? जेवते कुठं? वर्गात शेजारी कोण बसतं?"

गर्दीने एकमेकांकडे पाहिलं. बर्फ पडत राहिला.

"ठीक आहे. दिसते कशी?"

"हसतमुख," एक मुलगी म्हणाली.

"खूपच हसतमुख. पिवळं हेल्मेट."

"झोपताना पण हेल्मेट घालते का?" सार्जंटबाईंनी वहीतून मान वर केली. "अहो, वर्णन सांगा. उंची?"

"मध्यम."

"गोरी की काळी?"

अशी शांतता पसरली, की झाडावरून घसरलेल्या बर्फाचा आवाज ऐकू आला. विद्यार्थी बुटांकडे पाहू लागले. एका प्राध्यापकांना खोकला आला. मार्लीनबाईंनी रुमाल खाली घेतला. "सार्जंट, आम्ही आमच्या विद्यार्थ्यांकडे त्या नजरेनं पाहत नाही."

"तुम्ही नका पाहू. मला तिला शोधायचंय."

"तिच्यात ऊर्जा आहे," मार्लीनबाई मोठ्या प्रयासाने म्हणाल्या. "ती... दृष्टिकोन घेऊन येते."

"केवढा?"

शेवटी सार्जंटबाईंनी वहीत 'मध्यम, हसतमुख, पिवळं हेल्मेट' एवढंच लिहून घेतलं आणि तेच भोंग्यावरून वाचून दाखवलं. तिसऱ्या रांगेत उभ्या असलेल्या ओडेसाने ते लक्ष देऊन ऐकलं. तिच्याकडे हेल्मेट नव्हतं आणि ती हसत नव्हती. सगळ्या गर्दीत तिच्या रंगाचं दुसरं कोणी नव्हतं, आणि ते कोणाच्याही नजरेस पडलं नाही. इतक्या सभ्य लोकांत ती पूर्वी कधी राहिली नव्हती.

शोधासाठी जोड्या लावल्या गेल्या. "तू आणि तू, तळ्याच्या काठानं," असं म्हणत सार्जंटबाईंनी तिला शेजारच्या उंच मुलाबरोबर ढकललं. तो ग्रँट होता. पुठ्ठ्याला शोधायला जावं का, याचा तिने क्षणभर विचार केला. मग गेली. कोणीतरी बरोबर चालणार होतं, एवढं कारण तिला पुरेसं वाटलं.

"तू कुठल्या शाखेची?" काही पावलं गेल्यावर ग्रँटने विचारलं.

"स्थापत्य."

"खरं की काय? कधी पाहिलं नाही तुला."

"मी असते."

तिच्या हातमोज्याला भोक पडलेलं पाहून त्याने खिशातला जास्तीचा जोड काढून दिला. थोड्या वेळाने चॉकलेटही अर्धं मोडून दिलं. तो अस्वस्थ होता आणि अस्वस्थपणात भडाभडा बोलत होता. सोमवारी होडी ओतली होती, तिला आठवडाभर उबेत आणि ओलाव्यात ठेवायचं होतं. पण काल कोणीतरी हॉकीची चकती मारली आणि प्रयोगशाळेच्या खिडकीची अख्खी काच गेली. "थंडी आत आली की काँक्रीट धरतच नाही नीट. रात्रभर मी हीटर घेऊन बसलो होतो."

"मिश्रणात फ्लाय अ‍ॅशची राख किती घातलीय?"

त्याने सांगितलं.

"थंडीच्या मानानं जास्त झाली. तिनं आणखी उशीर होतो धरायला. पुढच्या वेळी कमी कर, आणि पाणी कोमट घे."

ग्रँट थांबला. "तू आमच्या संघात का नाहीस?"

"जागा भरल्या म्हणे."

"कोण म्हणालं?"

"होता एक जण."

"मूर्ख असणार."

"माझंही तेच मत झालं," ओडेसा म्हणाली. गळपट्ट्याच्या आत, सप्टेंबरनंतर पहिल्यांदा, ती हसली.

ते पुढे चालू लागले. तळं गोठून पांढरं पडलं होतं. काठाने जोड्या लांबवर पसरल्या होत्या आणि एकामागून एक हाका येत होत्या: "ओडेसा! ओडेसाऽ!"

"एक जागा होईल खरं तर," ग्रँट हळूच म्हणाला. "वाईट वाटतं बोलायला. ओडेसाची."

"ती संघात आहे?"

"नाव आहे. पोस्टरवर ती होती, तर देणगीदारांना वाटलं तीच नायक आहे. मग मुलींच्या शर्यतीत वल्हवायला तिचंच नाव देऊन टाकलं. तिला सांगायचं तेवढं राहून गेलं." त्याने गोठलेल्या तळ्याकडे पाहिलं. "काल रात्री केवढी थंडी होती! उघड्यावर कुठं पडली असेल तर..."

"पडली तर पडली. नवी करतील," ओडेसा म्हणाली. "पुठ्ठाच तर आहे."

ग्रँट तिच्याकडे बघत राहिला. "काय बोलतेस तू? पुठ्ठा कुठंय ते मला माहितीय. पुठ्ठा मीच नेला, खिडकीत बसवायला. माणूस हरवलंय, माणूस! तिच्या मावशीनं मिसिसिपीहून पोलिसांना फोन केलाय. पोरगी खोलीत नाही, फोन बंद, आणि कोणाला काही म्हणजे काही माहीत नाही तिच्याबद्दल!"

ओडेसा जागच्या जागी उभी राहिली. निरोप पालकांनाही जातो, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. पलीकडच्या काठावरून पुन्हा तिच्या नावाची हाक आली, मग त्याच्या पलीकडून दुसरी. तीन वर्षांत या गावात कोणी तिला मोठ्याने हाक मारली नव्हती. हजेरीलाही तिचं नाव घेत नसत. ती आहे हे लांबूनच दिसे. आता ओ द्यायला हवी होती, हे तिला समजत होतं. तरी दोन हाका तिने मुद्दाम जाऊ दिल्या. दोन्ही वेगवेगळ्या आवाजांतल्या होत्या.

मग तिला व्हर्नेल मावशीचा चेहरा दिसला. "तुझा फोन दे," ती ग्रँटला म्हणाली.

पहिली घंटा पुरी वाजायच्या आत पलीकडून आवाज आला. "कोण? सापडली का?"

"मावशी, मी."

"मी म्हणजे कोण? नाव सांग!"

"ओडेसा."

पलीकडे काहीतरी फुटल्याचा आवाज झाला, बहुधा बशी. "देवा रे! कुठं आहेस पोरी?"

"तळ्यावर. मला शोधतेय."

"प्यायलीस की काय?"

"नाही गं! इथं माझा एक पुठ्ठा आहे मावशी, तो हरवलाय. मी नाही."

"तुझा पुठ्ठा? अगं, मी फोन केला त्या हापिसात. तो मेला पोऱ्या म्हणतो, हो बाई, कालपासून नाही. म्हटलं, होती कुठं? तर म्हणे दारातच उभी असते दिवसभर, कोणाशी बोलत नाही. म्हटलं, खाते काय? तर म्हणे, काही खात नाही, आणि वर हसतो! मग म्हणे, एका उंच पोरानं तिला काखेत मारून नेताना पाहिलंय, पण काळजी करू नका बाई, वाकली नसेल तर पुन्हा उभी करू! माझ्या हातातलं माशाचं ताट खाली पडलं. बाप्टिस्ट चर्चची अख्खी मंडळी गुडघ्यावर बसलीये इथं ओसरीत!"

"उठव त्यांना."

"उठवते." मावशी दम घ्यायला थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "खरं सांग. तिथं तुझं कोणी आहे का?"

"आज अख्खं गाव मला शोधतंय, मावशी."

"ते नाही विचारलं मी."

ओडेसाने तळ्याकडे पाहिलं. "रविवारी फोन करते," ती म्हणाली आणि मोबाइल परत दिला.

ग्रँटच्या भुवया आजवर कधी गेल्या नव्हत्या इतक्या वर गेल्या होत्या. ओडेसाने गळपट्टा हनुवटीखाली ओढला. त्याने तिच्याकडे पाहिलं. मग हेल्मेटाशिवाय पाहता यावं म्हणून पुन्हा पाहिलं.

"तू... मला विचारायचंस ना!"

"विचारलं होतं. दोनदा."

"हो," तो म्हणाला. आणि मग म्हणाला, "मघाशी मी ज्याला मूर्ख म्हणालो..."

"मी लगेच सहमत झाले होते."

मग त्याने दोन्ही हात तोंडाशी धरून "सापडली!" अशी आरोळी ठोकली. काठाने आनंदाचा गलका उठला. अनोळखी मुलींनी येऊन ओडेसाला मिठ्या मारल्या. जो मुलगा मघाशी मागे वळला नव्हता, त्याने तिच्याबरोबर छायाचित्र काढून घेतलं. सार्जंट डूली बर्फ तुडवत आल्या.

"मी वर्णन विचारत होते, तेव्हा तू कुठं होतीस?"

"तिसऱ्या रांगेत."

सार्जंटबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग सावकाश वळून मार्लीनबाईंकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिल्या. त्यांनी वहीचं पान फाडून चुरगळलं व गाडीकडे निघाल्या.

मार्लीनबाई ओडेसाच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडल्या, आणि ते रडणं खरं होतं. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी तिचे दोन्ही हात हातांत घेतले.

"आणि... दुसरी?"

"दुसरी कोण?"

"अगं, उद्या विश्वस्त मंडळ येतंय. दारात कोणीतरी हवं ना!"

ग्रँटने गुन्हा कबूल केला. सगळी वरात प्रयोगशाळेकडे गेली. आत ओल्या गोणपाटाखाली होडी निजली होती, आणि फुटलेल्या खिडकीत, बाहेरच्या बाजूला तोंड करून, पुठ्ठ्याची ओडेसा चहूबाजूंनी चिकटपट्टी मारून बसवली होती. चौकटीत ती अशी चपखल बसली होती की जणू तिच्याच मापाने खिडकी केली होती. बाहेरचा वारा तिच्या हसऱ्या तोंडावर आदळत होता आणि आत मुलांनी कोट काढून ठेवले होते.

"हिला काढली तर होडीला तडे जातील," ग्रँट म्हणाला.

"काच कधी बसणार?"

"अर्ज दिलाय. एप्रिलमध्ये म्हणतात."

मार्लीनबाई पेचात पडल्या. समावेशासाठी होडीचा बळी देणं त्यांना जड जात होतं. होडीच्या देणगीदारांपैकी दोघे विश्वस्त होते. बाईंची नजर फिरत फिरत खऱ्या ओडेसावर आली आणि तिथे स्थिरावली.

"बाळ, उद्या तासभरच. तूच उभी राहशील का दारात? हेल्मेट मी आणते. ही केवढी मोठी संधी आहे!"

"उद्या गुरुवार, मॅडम," ओडेसा म्हणाली. "मला संघाची बैठक आहे." आणि तिने ग्रँटकडे पाहिलं.

बाकीचा संघही ग्रँटकडे पाहू लागला. त्याच्या भुवया सवयीने दुःखी होऊ लागल्या होत्या. ओडेसाने हातातले त्याचे हातमोजे काढून टेबलावर ठेवले.

"आहे तिला बैठक," तो म्हणाला. "सप्टेंबरपासून आहे."

दुसऱ्या दिवशी विश्वस्तांना प्रवेशद्वाराऐवजी मागच्या अंगणात नेण्यात आलं. खिडकीत, गालांवर आणि दातांवर हिम साचलेली ओडेसा त्यांच्याकडे बघून हसत होती. "ही आमची ओडेसा," मार्लीनबाईंनी ओळख करून दिली. "बघावं तेव्हा प्रयोगशाळेतच असते." विश्वस्तांनी कौतुकाने हात हलवले.

आत बैठक चालू होती. काल तिच्या नावाने तळ्याकाठी घसा फोडलेली मुलं आज टेबलाभोवती गप्प होती. हरवलेल्या ओडेसाविषयी त्यांना पुष्कळ बोलता आलं होतं. सापडलेलीशी काय बोलावं, हे कोणालाच ठरवता येत नव्हतं. ग्रँटने कोमट पाण्याचा मुद्दा मांडला. एकाने तिचं आडनाव चुकीचं उच्चारलं. तिने ते सुधारलं नाही. पहिल्या वर्षी दुरून पाहिलेलं तिला आठवत होतं. मग कोणीतरी पायाने एक स्टूल तिच्याकडे सरकवलं. जागा फक्त खिडकीपाशी होती. ओडेसाने स्टूल तिथे ओढलं, पुठ्ठ्याकडे पाठ केली आणि डबा उघडला. खांद्यामागे वारा थडकत होता, पण आत येत नव्हता. सप्टेंबरपासून त्या दोघी उभ्याच होत्या. आज एकीला तरी बसायला मिळालं होतं.